चंदनबाईंची जागा

शिरपूरच्या भगिनी मंडळाची दुमजली इमारत सगळ्यांच्या माहितीची. कोणी पत्ता विचारला, की लोक तिच्या हिरव्या गच्चीची खूण सांगत. १९८९ साली मंडळाला चाळीस वर्षं झाली. स्मरणिका काढायचं ठरलं, आणि इमारतीचा इतिहास लिहायचं काम वकील अभयकुमारांनी आपणहून अंगावर घेतलं.

अध्यक्षा सुगंधाबाईंनी मजकूर वाचला आणि त्यांचं डोकंच फिरलं. पानोपानी अभयकुमारांचे आजोबा, प्रकाशचंदशेठ. जागा त्यांची, प्रेरणा त्यांची, पायाभरणीही त्यांच्याच हातची.

"बठ्ठं तुना आजानीच करं का रे?" चिडल्या की सुगंधाबाई अहिराणीवर येत. "सगळं त्यांनीच केलं, मग आम्ही बाया काय करत होतो?"

"अक्का, आजोबांशिवाय जागा कुठून आली असती?"

"जागा तुझ्या आजीची. चंदनबाईंना माहेरून मिळालेली. ती मंडळाला दिली म्हणून शेठजी वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत. पायाभरणीच्या दिवशी मुद्दाम धुळ्याला निघून गेले!"

अभयकुमार हसले. "घरातलं असं छापतात का? 'शेठजींच्या संमतीने' लिहू."

पुढे मजकूर दुरुस्त होऊन येई, पण शेठजी काही हलत नसत. संमती काढली, की आशीर्वाद. आशीर्वाद खोडला, की मार्गदर्शन. शेवटी वैतागून सुगंधाबाई कागद घेऊन थेट अभयकुमारांच्या घरी गेल्या. त्यांची आई, कुसुमलता, अंगणात पापड वाळत घालत होती. तिने सगळं ऐकून घेतलं.

"अक्का खरं सांगतात," ती मुलाला म्हणाली. "मी तेव्हा नवी नवरी होते. सासू-सासऱ्यांचे निरोप मीच इकडून तिकडे पोचवायची. जीव नकोसा झाला होता."

"मला कधी सांगितलं नाहीस?"

"तू विचारलंस ते नेहमी आजोबांबद्दल."

रात्री अभयकुमारांनी ते पान नव्याने लिहिलं, जसं घडलं तसं.

आता चंदनबाईंचा फोटो हवा होता. घरात एकच सापडला. शेठजी खुर्चीवर, मागे चंदनबाई उभ्या, हनुवटीपर्यंत घुंघट.

"यात चेहराच नाही, बाई," फोटोग्राफर म्हणाला. "शेठजींचा मोठा करून देऊ?"

"देवा!" सुगंधाबाईंनी कपाळावर हात मारला. "शेठजी कापून टाका. बाकीचं मोठं करा."

समारंभात तोच फोटो व्यासपीठावर लागला. कुसुमलतेने त्याला हार घातला आणि बराच वेळ तिथून हलली नाही.