गुलाबाच्या वासाची अळंबी

"नीट हुंग," नाकराजे पेन्सिल सरसावून म्हणाले, "आणि लवकर सांग. आज मोठे साहेब यायचेत."

बायकोने टेबलावरची बटणाएवढी तपकिरी अळंबी नाकाशी नेली. कपाटामागे उंदीर मरून पडल्यासारखा वास.

रानातल्या अळंब्यांची पाहणी करणाऱ्या खात्यात तिच्या नवऱ्याला सगळे नाकराजे म्हणत. दिसायला सारख्या दोन अळंब्या हे गृहस्थ नुसत्या हुंगून वेगळ्या काढत. तीन वर्षांपूर्वी एका सर्दीने ते नाक कायमचं बसलं, आणि हे फक्त बायकोला ठाऊक. तेव्हापासून हुंगायची ती, लिहायचे ते. ही कच्च्या बटाट्यासारखी, ती ओल्या साबणासारखी. वर नाक शाबूत आहे हे दाखवायला पाहुण्यांसमोर तिच्या चांगल्या भाजीला बेधडक करपली म्हणायचे.

तेही तिने गिळलं. पण काल त्यांनी अळंब्यांच्या पुस्तकाची प्रस्तावना वाचून दाखवली. आभारात जीपचा ड्रायव्हर होता, भिंग दुरुस्त करणारासुद्धा होता. तिने हळूच विचारलं, माझं नाव?

"तुझं कशाला? वास काय, कुत्रंही घेतं."

आज ही नवी अळंबी बघून साहेब त्यांच्या नोकरीच्या मुदतवाढीचं ठरवणार होते.

"काय गं, झोपलीस का?"

"गुलाब," ती म्हणाली. "अगदी ताजा गुलाब."

दिवसभर तिला मधूनच हसू फुटत होतं. नोकरी गेली तर हा माणूस चोवीस तास घरात, हे ध्यानात आल्यावर जरा दचकली, पण पुन्हा हसली.

संध्याकाळी नाकराजे छाती काढून आले. मुदतवाढ मिळाली म्हणाले, चांगली पाच वर्षांची. चपला न काढताच सांगत सुटले. साहेबांनी अळंबी हुंगली आणि त्यांचे डोळेच भरून आले. उठून खिडकीपाशी गेले. मग म्हणाले, गुलाबच हो, तुमच्या नाकापुढे आम्ही काय बोलणार. डबी हातोहात फिरली, एकूण एक माणसाने मान डोलावली. टायपिस्टबाई तर इतक्या भारावल्या की तोंडाला रुमाल लावून बाहेरच पळाल्या. आता पुस्तकात तसंच छापणार.

म्हणजे बायकोला अजून पाच वर्षं हुंगायचं होतं.

मग त्यांनी खिशातून डबी काढली. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी खास तिच्यासाठी काही आणल्याचं तिला आठवत नव्हतं.

"एक जादा होती. तुझ्यासाठी मागून आणली," ते म्हणाले. "काल जरा जास्तच बोललो."

आणि स्वतःच्या हाताने त्यांनी ती तिच्या केसांत खोचली. लाजलेच थोडे.

"येतोय ना वास?"

"येतोय," ती म्हणाली.

ते जेवायला बसले. ती एका हाताने वाढत होती, दुसऱ्या हाताने माश्या वारत होती. केसांतली अळंबी तिने काढली नाही.