न सुटलेली लाईन

साकोलीत संजीवच्या घरी कॉम्प्युटर आला तो दोन हजार दोन साली. विम्याची कामं करणारा संजीव सकाळी इंटरनेट लावून मेल पाहायचा, मग लाईन तोडून बाहेर पडायचा. घरचा फोनही त्याच लाईनवर होता, इंटरनेट जोडलेलं असलं की तो बिझी लागायचा, आणि शेजारच्या सत्यभामाबाईंनी आपल्या सगळ्या माणसांना तोच नंबर दिला होता.

त्या आठवड्यात त्यांचे यजमान परसराम नागपूरच्या दवाखान्यात भरती होते. मुलगा संघपाल त्यांच्याजवळ होता. बाई कपडे न्यायला तेवढ्या घरी आल्या होत्या. "फोन आला तं आवाज देजो बाई," असं त्या संजीवच्या बायकोला, करुणाला सांगून गेल्या.

सकाळी संजीवनं लाईन तोडली. पडद्यावरची इंटरनेट जोडल्याची खूण गेली. कॉम्प्युटर बंद करून तो लाखनीला निघाला. दिवसभर फोन वाजला नाही. करुणाला वाटलं, नवं काही नसेल, म्हणजे बरंच आहे.

ऊन कलल्यावर संजीव परतला. एका गिऱ्हाइकाला फोन लावायला रिसीव्हर उचलला, तर कानात नुसती खरखर. त्यानं टेबलामागे वाकून पाहिलं. कॉम्प्युटर बंद होता, पण इंटरनेटसाठी फोनच्या लाईनला लावलेल्या मोडेमच्या डबीचे दिवे चालू होते. कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून पाहिला, परत बंद केला. खरखर तशीच. शेवटी मोडेमचा प्लगच उपटला, तेव्हा कुठे डायल टोन आला. रिसीव्हर ठेवतो न ठेवतो तोच घंटी वाजली.

"भाऊ, संघपाल बोलतो. दुपारपासून लावून राहिलो, बिझीच येते. आईले बलवा."

सत्यभामाबाई धावत आल्या. संघपालनं सगळं सांगितलं. दुपारी परसराम चांगले शुद्धीवर आले होते. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा मोबाईल मिळाला होता. "तुह्या आईले लाव," एवढंच ते म्हणत होते. संघपाल लावत राहिला. मग त्यांचे डोळे मिटले, आणि आता हाक मारली तरी ते ओ देत नव्हते.

संजीवनं बाईंना गाडीवर बसवून बसस्टँडवर सोडलं. त्या पोचल्या, रात्रभर उशाशी बसल्या. परसराम बोलले नाहीत. सकाळी गेले.

संजीवनं भंडाऱ्याच्या कॉम्प्युटरवाल्याला विचारलं. मोडेमची एक सेटिंग बिघडली होती, लाईन सोड म्हटलेलं त्याला कळतच नव्हतं. संजीवनं ती बदलली. मग लाईन जोड, तोड, रिसीव्हर कानाला लाव, असं कितीदा तरी केलं. दर वेळी डायल टोन आला.

"पुरे करा आता," करुणा म्हणाली.

परसरामांच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी दोघं शेजारी गेले. बुद्धवंदना झाली. माणसं बसली होती. संघपाल कुणाला तरी सांगत होता, "लाईनच खराब असन त्या दिवशी. नशीब आमचं." लोकांनी माना हलवल्या. संजीवला गप्प बसता आलं असतं.

"लाईन बरोबर होती," तो म्हणाला. "माझ्या मोडेमनं धरून ठेवली होती. मी पाहिलं नाही."

 संघपाल उठून अंगणात गेला.

सत्यभामाबाई संजीवकडे वळल्या. "तुमी मुद्दाम नाही केलं, ते मले समजते. पण सांगितलं काहून, संजीवभाऊ? कोनाचाच दोष नव्हता, असं धरून मी बसली होती. आता तुमचं घर दिसलं का मले तेच आठवन."



पुढे संघपाल कामासाठी नागपूरलाच राहिला. त्याचा फोन यायच्या दिवशी बाई हायवेवरच्या एसटीडी बूथमध्ये जाऊन बसू लागल्या. "घरी या ना," असं करुणानं एकदा म्हटलं. "येईन," त्या म्हणाल्या, पण आल्या नाहीत.

त्या रस्त्यानं जाताना संजीव गाडी हळू करायचा. बाई फोनवर बोलत असल्या तर पुढे निघून जायचा. नुसत्याच वाट पाहत बसलेल्या दिसल्या तर थांबावंसं वाटायचं, पण काय बोलावं ते सुचायचं नाही.