टाकीतले पांढरे खडे

मी एका जुन्या पाण्याच्या ट्रकचा कार्बोरेटर आहे. वयानं म्हातारा आणि स्वभावानं काळजीखोर. मित्रांनो, तुम्ही मला बहुधा पाहिलंही नसेल, कारण आताच्या गाड्यांना माझी गरज उरलेली नाही. म्हणून आधी माझं काम सांगून घेतो. म्हणजे माझ्या जिवाची घालमेल कशासाठी चालते ते तुम्हाला कळेल.

मी इंजिनाला चिकटून बसतो आणि पेट्रोलमध्ये हवा मिसळून त्याला घासाघासानं भरवतो. माझ्या पोटात एक लहानशी वाटी आहे. पंप तिच्यात पेट्रोल ढकलतो. वाटीत पितळेची पोकळ डबी तरंगत असते, तिला फ्लोट म्हणतात. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि एका बारीक सुईला तिच्या भोकात दाबून बसवतो. सुई बसली की पेट्रोल बंद. तुमच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत चेंडू असतो ना, अगदी तसंच. पण सुई नीट बसलीच नाही तर? मग पेट्रोल येतच राहतं. वाटी भरून वाहते, इंजिनाला ठसका लागतो, काळा धूर निघतो आणि उरलेलं पेट्रोल बाहेर टपकतं. माझ्या बरोबर खाली सायलेन्सरचा तापलेला पाइप आहे. आता सांगा, मला स्वस्थता कशी लाभावी?

माझा ट्रक लष्करासाठी बनला होता. तिथं रोज सकाळी कुणीतरी मला उघडायचं, पुसायचं, माझी सुई उजेडात धरून बघायचं. त्या दिवसांत मी निश्चिंत होतो. पुढे लिलाव झाला आणि येरमाळ्याजवळच्या एका वस्तीवरच्या आण्णासाहेबांनी आम्हाला विकत घेतलं. लोक हसले. सगळीकडे डिझेलच्या गाड्या आणि हा माणूस पेट्रोल पिणारा ट्रक घेऊन आला! आण्णासाहेबांनी मागं लोखंडी टाकी बसवली आणि उन्हाळ्यात आसपासच्या वस्त्यांना पाणी पोचवायला सुरुवात केली. मग हसणारेच हंडे घेऊन रांगेत उभे राहू लागले.

चैत्रात येरमाळ्याला येडेश्वरी देवीची यात्रा भरते. पालखी आमराईकडे निघते त्या दिवशी रानात माणसांचा पूर येतो. लहानथोर सगळे वाकून काळ्या मातीतले चुनखडीचे पाच-पाच खडे वेचतात आणि देवीच्या ढिगावर टाकतात. उन्हात वेचणाऱ्या त्या माणसांना पाणी पाजायचं, हे आण्णासाहेबांनी पहिल्याच वर्षी अंगावर घेतलं. त्या दिवशी त्यांनी सहा खडे वेचले. पाच देवीच्या नावानं ढिगावर टाकले. सहावा त्यांनी आमच्या पेट्रोलच्या टाकीत सोडला. टुणकन आवाज झाला आणि मी दचकलो.

"अवं, ही काय कणगी हाय का?" त्यांच्या पत्नी गौराबाई म्हणाल्या.

"तू घरी कणगीत खडा ठिवतीस ना, दाणं सरू नयेत म्हणून? मग ही ट्रकची कणगी."

गौराबाई पदर तोंडाला लावून हसल्या. मीही हसलो असतो, पण मला हसता येत नाही, फक्त फुरफुरता येतं.

तेव्हापासून दर वर्षी एक खडा टाकीत पडू लागला. पण मित्रांनो, आण्णासाहेब आणखी दोन कामं करायचे, ती ध्यानात ठेवा. पेट्रोल ओतताना ते नरसाळ्यावर जुन्या धोतराचं फडकं दुहेरी करून धरायचे. आणि दर अमावस्येला पंपाखालची काचेची वाटी काढून तिच्यातला गाळ धुवून टाकायचे. कामाच्या गडबडीतही त्यांनी ही दोन कामं कधी चुकवली नाहीत. माझ्यापर्यंत जे यायचं ते स्वच्छ असायचं.

अकरा वर्षांपूर्वी आण्णासाहेब गेले. ट्रक त्यांच्या मुलाकडे, बजरंगकडे आला. बजरंग कष्टाळू आहे, पण कायम घाईत. पायांना चाकं लावून जन्मला असावा. धोतराचं फडकं हात पुसायला गेलं. काचेची वाटी तडकली, तेव्हा त्यानं ती उकिरड्यावर फेकली आणि तिच्या जागी सरळ रबरी नळी जोडली. "चालतंय की!" हे त्याचं लाडकं वाक्य. खडा मात्र चुकला नाही. तो आता गौराबाई टाकायच्या. टाकीचं झाकण उघडून त्या क्षणभर थांबायच्या, ओठ हलायचे, मग हळूच खडा सोडायच्या. त्या कुणाशी बोलतात ते मला ठाऊक होतं. देवीशी नाही, आण्णासाहेबांशी.

आणि तीन वर्षांपूर्वी माझी सुई बसेनाशी झाली.

काय झालं ते मला समजेना. फ्लोट वर यायचा, सुईला दाबायचा, पण मध्ये काहीतरी कचकचायचं आणि पेट्रोल वाहायचंच. गाडी बंद पडली की बजरंग बॉनेट उघडून पान्याच्या मुठीनं माझ्या डोक्यावर दोन टोले हाणायचा. त्या हादऱ्यानं सुई बसायची. "झाली बघा नीट!" म्हणून तो खूश व्हायचा. मी नीट झालो नव्हतो, नुसता गप्प झालो होतो. नंतर रस्त्यावरच्या एका गॅरेजात नेलं. त्यांनी माझे स्क्रू पिळले, काळे ओले प्लग बदलले आणि शेवटी नवा पंप बसवला. नव्या पंपाचा जोर जास्त, त्यामुळे पेट्रोल आणखीच वाहू लागलं. लोक म्हणू लागले, कार्बोरेटर म्हातारा झाला, झिजला. मलाही तेच वाटायला लागलं. मित्रांनो, आपल्यात खोट आहे असं रोज ऐकलं की ते खरंच वाटू लागतं हो.

गेल्या वर्षी यात्रेत ज्याची धास्ती होती तेच झालं. ट्रक गर्दीतून इंचाइंचानं सरकत होता. इंजिन तापलेलं, वारा नाही. माझ्यातून थेंब गळत होते, एक, दोन, दहा. मी ओरडू शकत नव्हतो. भप्पकन जाळ झाला. बजरंगनं उडी टाकली, पाण्याच्या टाकीवरचं ओलं पोतं ओढून माझ्यावर दाबलं. जाळ विझला. त्याचा हात मनगटापर्यंत भाजला. तीन पावलांवर एक बाई कडेवर लेकरू घेऊन पाण्यासाठी उभी होती. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही.

या वर्षी यात्रा चार दिवसांवर आली तेव्हा घरात वाद पेटला.

"माय, औंदा ट्रक न्हाय न्यायचा. परवा भंगारवाला येतोय, त्याला देऊन टाकू."

"तुझ्या बापानं एक वरीस चुकवलं न्हाय, बजरंगा."

"बापाच्या टायमाला जाळ झाला न्हवता. तिथं लेकरं असत्यात. कुणी भाजलं तर कोण जबाबदार?"

बजरंगचं बरोबर होतं, हे गौराबाईंना कळत होतं. मग त्या एवढंच म्हणाल्या, "एकडाव वीरप्पाला दाखव. त्यानं न्हाय म्हटलं तर मी तोंड उघडणार न्हाय."

वीरप्पा म्हणजे आण्णासाहेबांच्या काळातले मिस्त्री. मूळचे उमरग्याकडचे, आता परंड्याला लेकीकडे राहतात. हात थरथरतो, चष्मा जाड झालाय. दुसऱ्याच दिवशी बजरंग त्यांना घेऊन आला. त्यांनी आल्या आल्या पान्याला हात लावला नाही.

"पयलं बॅटरीची वायर सोड," ते म्हणाले. "अन् ती बिडी-काडी तिकडं लिंबाखाली ठिवून ये. इथं नगं."

मग त्यांनी माझं झाकण उघडलं. मी उतावळा झालो होतो. सुई बघा, सुई! पण म्हातारा घाई करीना. त्यांनी आधी फ्लोट काढून कानाशी हलवला. आत पेट्रोल शिरलं असतं तर खुळखुळलं असतं. खुळखुळलं नाही. तरी त्यांनी घरातून कढत पाणी मागवून फ्लोट त्यात बुडवला आणि टक लावून बघत बसले. डबीला बारीक छिद्र असतं तर बुडबुडे आले असते. एकही आला नाही. मग सुई उजेडात धरली. सुई चांगली होती! मित्रांनो, तो क्षण मी विसरणार नाही. पुसून सगळं परत बसवलं, झाकण उलटं धरून नळीत फुंक मारली. फुंक जागच्या जागी अडली, म्हणजे सुई भोकात घट्ट बसत होती.

"झालं?" बजरंगनं विचारलं.

"वायर जोड अन् चालू कर."

गाडी चालू झाली. दहा मिनिटं मी अगदी सुखात होतो. अकराव्या मिनिटाला पुन्हा कचकच झाली आणि थेंब टपकला. वीरप्पांनी लगेच गाडी बंद करायला लावली. बजरंग मटकन खाली बसला. "मिस्त्री, जाऊ द्या. भंगारातच घालू."

"तू घरात शेरडं शिरली की लेंड्या झाडून काढतूस. दार लावतूस का न्हाय?" वीरप्पा म्हणाले. "म्या घाण पुसली. ती येती कुठनं, ते बघाया नगं?"

इंजिन निवल्यावर त्यांनी रबरी नळी सोडली, काचेच्या बाटलीत थोडं पेट्रोल घेतलं आणि बाटली लिंबाखाली सावलीत ठेवली. मग स्वस्थ बसून राहिले. बजरंग येरझाऱ्या घालत होता, माझा जीव टांगणीला लागला होता. अर्ध्या तासानं बाटलीच्या तळाशी रांगोळीसारखा पांढरा थर दिसू लागला. वीरप्पांनी तो चिमटीत घेऊन चोळला आणि आमच्या पेट्रोलच्या टाकीकडे बघितलं.

दोघांनी टाकी उतरवली, रिकामी करून उलटी केली. गडगड आवाज झाला आणि पोत्यावर पांढरे खडे पडले. काही सुपारीएवढे, काही झिजून हरभऱ्याएवढे उरलेले. इतकी वर्षं खराब रस्त्यांवर एकमेकांवर आपटून त्यांचं पीठ होत होतं आणि ते पीठ माझ्या सुईखाली येऊन बसत होतं.

हे खडे कुणी टाकले ते बजरंगच्या ध्यानात आलं. त्यानं चटकन पोत्याची घडी घातली. "मिस्त्री, मायला गंज व्हता म्हणून सांगा," तो हळूच म्हणाला. "तिला सोसायचं न्हाय."

पण गौराबाई चहा घेऊन मागंच उभ्या होत्या. त्यांनी पोत्याची घडी उलगडली. खाली बसल्या. सगळ्यांत मोठा खडा उचलून त्यांनी पदरानं पुसला आणि बराच वेळ तळहातावर धरून ठेवला. माझ्या वाटीतलं पेट्रोल कधीच आटलं होतं, तरी मला आतून भरून आलं.

"म्हंजी जाळ माझ्या हातनं झाला," त्या म्हणाल्या.

"न्हाय वहिनी," वीरप्पा म्हणाले. "खडं आण्णासाहेबांच्या टायमालाबी व्हतं की. ते फडक्यातनं गाळून वतायचे, काचंची वाटी धुवायचे. म्या बघितलंय."

बजरंगनं मान खाली घातली. वाटी त्यानंच फेकली होती. गौराबाईंनी लेकाच्या भाजलेल्या हातावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "खडा तेवढा ध्यानात ठिवला आपण, अन् फडकं इसरलो."

टाकी तीन वेळा धुतली. बजरंग स्वतः धाराशिवला जाऊन काचेची नवी वाटी घेऊन आला. वीरप्पांनी जुना पंप परत बसवला आणि इंजिन दोन तास चालू ठेवून माझ्याखाली कोरडा कागद धरून बसले. कागद कोरडाच राहिला.

यात्रेच्या दिवशी पुन्हा तीच गर्दी, तेच ऊन, तीच इंचाइंचाची चाल. मला चैन पडत नव्हतं. प्रत्येक धक्क्याला मी सुई चाचपत होतो. बजरंग दर थोड्या वेळानं उतरून बॉनेटखाली हात घालून बघत होता. संध्याकाळी पाणी संपलं तरी माझ्यातून एक थेंब गळला नव्हता.

गौराबाईंनी सहा खडे वेचले होते. पाच ढिगावर टाकले. सहावा मुठीत घेऊन त्या सवयीनं आमच्या टाकीपाशी आल्या आणि झाकणावर हात ठेवून थांबल्या. ओठ हलले. मग त्या ढिगाकडे परत गेल्या आणि सहावाही तिथंच सोडला. परत आल्या तेव्हा बजरंग नरसाळं घेऊन पेट्रोल ओतायच्या तयारीत होता.

"थांब," त्या म्हणाल्या. कमरेला खोचलेलं मऊ धोतराचं फडकं त्यांनी काढलं. आण्णासाहेबांचं शेवटचं धोतर त्यांनी इतकी वर्षं पेटीत जपून ठेवलं होतं, तेच त्यांनी या फडक्यासाठी फाडलं होतं. फडकं दुहेरी करून त्यांनी नरसाळ्यावर ताणून धरलं. "वत आता. हळू."

मित्रांनो, मी अजूनही काळजीखोरच आहे, तो स्वभाव काही जायचा नाही. माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या घरात कुणाच्या आठवणीचं काही जपलेलं असेल, तर तो माणूस रोज हातानं काय करायचा तेही एकदा आठवून बघा, आणि ते करा. आमच्या ट्रकमध्ये आता पेट्रोल ओतून झालं की गौराबाई फडकं उन्हाकडे धरतात, त्यावर काय राहिलं ते बघतात, झटकतात आणि घडी घालून पुन्हा कमरेला खोचतात.