भुजंगच्या खांद्यावरची चावी

"तर सायब, त्या भोपळ्यात आमची शेळी शिरली, ती एकदम दिवाळीला भाईर आली. संगं तीन करडं घेऊन!"

मी असं म्हटलं आणि माझ्या कोपीतली सगळी हसली. साखर कारखान्याचे श्रीनाथ साहेबही हसले, आंबिलीचा पेला हातात तसाच धरून. त्यांच्या फोटोवाल्यानं तेवढ्यात तीन-चार फोटो काढले.

येळवस होती, म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या निलंग्याच्या भागात त्या दिवशी गावात माणूस सापडायचा नाही. दाराला कड्या घालून सगळे शेतात. कडब्याची कोप उभी करायची, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडायचे, भज्जी, उंडे, आंबील करायची आणि बांधावरून जाईल त्याला हात धरून जेवायला बसवायचं. ज्याला शेत नाही, त्याला तर सगळ्यात आधी.

माझ्या कोपीवर असा बिनशेताचा एक पाहुणा दरवर्षी यायचा. भुजंग. कारखान्यात बावीस वर्षं त्याला एकच काम. मळीचं घाण पाणी ओढ्यात सोडायच्या वॉलची चावी फिरवायची. सोड म्हटलं की सोडायची, बंद म्हटलं की बंद. ती कमरेएवढी लोखंडी चावी कायम त्याच्या खांद्यावर. बोलणं इतकं कमी की लग्नानंतर सहा महिने त्याच्या बायकोला, सिंधूला, तो मुकाच वाटला होता. बरं, आठ दिवस म्हणा.

कोपीच्या आत मात्र तो कधी आला नाही. बांधावर बसायचा, पळसाच्या पानावर चमच्यानं खायचा. "हाताला वास हाय, आज्जी," म्हणायचा. मळीचा वास साबणानं जात नाही.

आजही बांधावरच बसला होता. यंदा मात्र पान तसंच भरलेलं होतं.

साहेब पुण्याकडचे, येऊन चार महिने झालेले. सरपंच रेवणसिद्ध त्यांना पहिल्यांदाच शेतात घेऊन आला होता. जीप सडकेला लावून डोक्याएवढ्या तुरीतून चालत आले. जीपमध्ये गावासाठी ब्लँकेटं होती, प्रत्येकावर कारखान्याचं नाव छापलेलं; सडकेवर भेटलेल्या बायांना काही वाटूनही झाली होती.

"आजी, तुमच्या गप्पा ऐकायलाच आलो," साहेब म्हणाले.

"ऐका की. पन एक खरी बी हाय. दिवाळीत माझी चंद्री म्हैस वढ्याचं पानी पिऊन मेली. तुमच्या मळीचं पानी."

"ते तपासलं ना डॉक्टरांनी. अपचन होतं."

"दहा वर्सं तिला कधी अपचन झालं न्हाई. येकदा माझं लुगडं खाल्लं, ते बी पचवलं."

परत हसू. मीच हसवलं होतं, काय बोलणार? ओढ्याचं पाणी पंधरा दिवसांपासून निवळलं होतं, त्यामुळं लोकही विसरले होते.

तेवढ्यात माझी सून दीपमाला तुरीतून पळत आली. भांडी धुवायला गेली होती. हातात नुसती घागर, पदर नाकाला.

"आत्याबाई, वढ्याला चला. लवकर चला."

आमच्या कोपीपासून ओढा वीस पावलं. मधी तूर, म्हणून साहेबांना दिसला नव्हता. सगळे उठून गेलो. पाणी चहाच्या चोथ्यासारखं काळं, वर फेस, आणि नाकाला झोंबणारा वास. काठाला बारके मासे तोंडं उघडून तडफडत होते. ओढ्याच्या दोन्ही अंगाला, वर-खाली, जिथवर नजर जाईल तिथवर कोपी होत्या आणि त्यातून माणसं बाहेर येत होती. सगळा गाव त्या पाण्याकडं बघत उभा राहिला.

साहेबांनी रुमाल काढला. "हे वरच्या गावाकडून आलं असणार. आमचा वॉल बंद आहे."

"बंद हाय? मग माझी म्हैस..."

"आजी, भोपळ्यातली शेळी झाली, आता म्हैस काढू नका."

आणि दोघं-तिघं हसले. आमचेच. सवयीनं हसले. जन्मभर ज्या तोंडानं लोकांना हसवलं, त्याच तोंडाला आज कुणी मोजेना. असा संताप आला की त्या चोथ्यात साहेबांना बुडवून काढावं वाटलं.

मागून आवाज आला. "सायब, चावी म्या सोडली."

भुजंग. चावी खांद्यावर.

"साडेनवाला. तुमचाच फोन आल्ता, टाकी भरली, सोड म्हनून."

"भुजंग, नीट आठवून बोल." साहेबांचा आवाज एकदम गोड झाला. "तुझी पूनम शिकते ना लातूरला? कारखान्याच्याच शिफारशीवर?"

"हाव. नर्सचं शिकायली. म्हनली, बाबा, आपल्या गल्लीतल्या लेकरायच्या अंगाला ती खाज कशानं हाय ते कळालं मला. म्या जेवत होतो. घास तसाच राहिला." त्यानं चावी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. "सकाळी तुम्ही इचारलं, आज गावात कुनी हाय का. म्या म्हनलं, गावात कुनी न्हाई. समदे कुठं हायत, ते तुम्ही इचारलंच न्हाई."

कुणी हसलं नाही.

"सांगितलं का नाहीस?"

"बावीस वर्सं पानी सुटताना कुनाला दिसलं न्हाई, सायब. येकदा दिसू द्यावं म्हनलं."

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला होता. मी म्हटलं, "काढ की रे बाबा फोटो! आता काढ. आन् सायब, ऐका. ह्यात भोपळा न्हाई. आमचं पानी घेता, आमच्या सडकंवरून तुमचे ट्रक जातेत, आमची पोरं तुमच्यात राबतेत. शेजारी ऱ्हायलाव तर शेजाऱ्यावानी ऱ्हावा. पानी निवळायची मशीन हाय तुमच्याकडं. भुजंग, चालू हाय का रे?"

"दोन वर्सं बटन दाबलं न्हाई, आज्जी. लाइटबिल येतंय म्हनून."

"मंग तेवढं बटन दाबा. ब्लँकेटं तुमच्या जीपवर पांघरा, तिला थंडी वाजत आसंल."

रेवणसिद्ध सडकेकडं निघाला. ज्या बायांनी ब्लँकेटं घेतली होती, त्यांच्या हातातून एकेक परत घेऊन त्यानं जीपमध्ये टाकलं.

साहेबांनी हात पुढं केला. "चावी दे. उद्यापासून येऊ नकोस."

"देतो. आधी बंद करून येतो." भुजंग ओढ्याच्या काठानं निघाला. "गेटावर देतो, सायब."

साहेब गेले. आम्ही थांबलो. भज्जी गार झाली, उंडे कडक झाले, पण कुणी पान मांडलं नाही. ऊन कलायला लागलं तेव्हा पाण्यावरचा फेस कमी झाला. मग बऱ्याच वेळानं तो आला. खांदा रिकामा.

सवयीनं बांधावर बसायला लागला.

"आत ये," मी म्हटलं.

"आज्जी, हाताला..."

"आत ये म्हनते ना."

त्याला पांडवांच्या शेजारी बसवलं. त्यानं दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. चमचा दीपमालानं कुठं ठेवला, सापडेना. मी उंडा कुस्करला, भज्जीत कालवला आणि घास त्याच्या तोंडापुढं धरला. पन्नाशीचा माणूस, बघत राहिला. मग तोंड उघडलं.

त्याच्या सदऱ्याला उजव्या खांद्यावर एक जागा होती, चावीनं घासून घासून पार विरलेली. आतली कातडी दिसत होती. तो चावत होता आणि मी दुसरा घास करत होते.