दाराआडचा फ्रिज

दुकानात मांडलेल्या नमुन्याच्या स्वयंपाकघरावर सूनबाईचा जीव जडला होता. फ्रिजसुद्धा कपाटांच्याच रांगेत, तशाच पांढऱ्या दाराआड बेमालूम दडलेला. तिने तो सासूबाईंना उघडून दाखवला.

"आई, वेगळा उभा राहणारा सुटा फ्रिज नको, हाच घेऊ ना?"

"घे हो, माझे आई! थांब, मीही एकदा उघडून बघते."

सासूबाईंनी पहिलं दार उघडलं, तर ताटल्या. दुसऱ्यात डबे. मग पुन्हा पहिलंच उघडलं.

"अगं, फ्रिज कुठे गेला?" त्यांचा आवाज कापरा झाला.

घरी त्या चष्मा कुठे ठेवला ते विसरत, तेव्हा सूनबाई ते थट्टेवारी नेई. आज तिच्या काळजात चर्र झालं. विक्रेत्याला ती म्हणाली, "सुटाच दाखवा. लाल, लांबून दिसेल असा."

"माझ्यापायी नको गं," सासूबाई पुटपुटल्या; पण धरलेला तिचा हात काही त्यांनी सोडला नाही.