उजव्या हाताचा घास

शिखानं वरण-भाताचा चमचा पुढे केला, तसं दौलतरावांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

"पापा, प्लीज. थंड होतंय," ती म्हणाली. "थोड्या दिवसांची तर बात आहे."

"ठेव तिथे. मी बघतो."

सुनेनं सासूकडे पाहिलं. इंदिराबाईंनी डोळ्यांनीच तिला जायला सांगितलं.

दौलतरावांच्या डाव्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर होतं. अंगठ्याच्या सांध्याचं ऑपरेशन झालं होतं. या हातानं आयुष्यभर दोन हातांचं काम केलंय, झिजणारच, असं डॉक्टर म्हणाले होते. उजव्या हाताला अंगठा होता आणि शेवटची दोन बोटं, तीही अर्धवट वळणारी. बाकीची दोन पंचविशीतच गेली होती, नौदलाच्या शिडाच्या बोटीवर, भर समुद्रात. शिडाचा दोर ताणायच्या विंचवर, त्या लोखंडी रहाटावर, दोराचे वेढे एकमेकांवर चढले. ते सोडवायला त्यांनी हात घातला, आणि नेमकं त्याच वेळी शीड वाऱ्यानं भरलं, दोर आवळला गेला.

होळकरांच्या घोडदळातल्या घराण्यातला मुलगा पाण्यावर गेला याचं तेव्हा सगळ्या नातेवाइकांत केवढं कौतुक! परत आला तो बँकेत चिकटला. थंडी पडली की नसलेली बोटं ठणकायची. लिहिणं, दाढी करणं, कुलूप उघडणं, सगळं डाव्या हाताला शिकवलं. जेवणही. पण लग्नानंतर एका पंगतीत ते डाव्या हातानं जेवू लागले, तेव्हा शेजारच्या गृहस्थानं आपलं पान हळूच पलीकडे सरकवून घेतलं. त्या दिवसापासून दौलतराव पंगतीला बसले नाहीत. कार्याला जायचे, पण जेवण आतल्या खोलीत, एकट्यानं. कुणी कधी कारण विचारलं नाही. लोकांचा हा समजूतदारपणाच त्यांना जास्त टोचायचा.

इंदिराबाई ताटासमोर येऊन बसल्या. चमच्याला त्यांनी हात लावला नाही.

"वर्गीसनं भरवलं होतं," दौलतराव एकदम म्हणाले.

"कोण वर्गीस?"

"बोटीवर होता. किनारा लांब होता गं. एक हात बांधलेला, दुसऱ्यानं कठडा धरला नाही तर बोट आडवी करायची. मग तो भरवायचा. परातीत खिचडी असायची, सगळे तिच्यातूनच जेवायचे. हा पठ्ठ्या लाडू वळल्यासारखे घास वळायचा आणि माझ्या तोंडात घालायचा. पण बघायचा नाही माझ्याकडे. शिडाकडे बघत बडबडत राहायचा. वारा कुठून आहे, रात्री कोणते तारे दिसतील..." ते हसले. "खिचडीत समुद्राचं पाणी उडालेलं असायचं. मीठ वेगळं लागायचंच नाही. तशी चव पुन्हा नाही मिळाली."

इतक्या वर्षांत ही गोष्ट इंदिराबाईंनी ऐकली नव्हती. त्यांनी भातावर तूप घातलं आणि उठून खिडकीशी गेल्या. खाली रस्त्यावर भाजीवाला आला होता. पाठमोऱ्याच उभ्या राहून त्या बोलू लागल्या, "गिलकी आलीय वाटतं. परवाची कडू निघाली होती. आज पालकच घेऊ म्हणते..."

दौलतरावांनी उजवा हात ताटात घातला. पहिला घास मांडीवर सांडला. दुसरा अर्धा तोंडापर्यंत पोचला. भाजीवाला कधीच पुढे गेला होता, तरी त्या बोलत राहिल्या.

पुढच्या आठवड्यात दौलतरावांच्या चुलतबहिणीची, कुमुदिनीआक्काची वास्तुशांत होती, विजय नगरच्या नव्या फ्लॅटमध्ये.

"नमस्कार करून लगेच निघू," साडीला पिन लावता लावता इंदिराबाई म्हणाल्या.

"जेवून येऊ."

पिन त्यांच्या हातात तशीच राहिली. "अहो, पार्किंगमध्ये पंगत आहे म्हणे. टेबलं नाहीत."

"मग पंगतीत बसू."

पंगतीत दौलतराव कडेला बसले. पुरी मोडेना, तेव्हा अख्खीच दुमडून श्रीखंडात बुडवली. करंगळीवरून ओघळ मनगटापर्यंत आला. शेजारचा मुलगा मोबाइलमध्ये गुंग होता. समोर कुणी त्यांच्याकडे पाहत होतं, कुणी नव्हतं. भात आला. त्यांनी सावकाश घास वळला, जरा मोठाच झाला, आणि तोंडात घातला.

कुमुदिनीआक्का आग्रह करत करत त्यांच्यापाशी आली आणि थबकलीच.

"काय रे दौलत! पथ्य सुटलं वाटतं?"

"कसलं पथ्य?"

"कसलं काय विचारतोस भिया! नेवीतून आलास तेव्हापासून पोट नाजूक ना तुझं? प्रत्येक कार्याच्या आदल्या दिवशी इंदिराचा फोन. यांना पंगतीतलं चालत नाही, आत थोडी मुगाची खिचडी देऊन द्या, चमचा ठेवा. सगळ्या बायकांना पाठ आहे ते. अरे, बोटांपेक्षा तुझ्या पोटाचीच काळजी होती आम्हाला!"

दौलतरावांचा हात पानावरच थांबला. किती घरांच्या किती आतल्या खोल्या त्यांना आठवल्या. प्रत्येक ठिकाणी झाकलेली वाटी, आणि तिच्यात गरम खिचडी.

समोरच्या पंगतीत इंदिराबाई मान खाली घालून पानावरचं मीठ उगीच बोटानं कडेला सारत होत्या.

"हो आक्का," दौलतराव म्हणाले. "सुटलं. वाढ अजून श्रीखंड."