अकरावा काटा

सासूबाईंच्या काचेच्या पेटीतल्या एकट्या विदूषक मासळीला जावयाने जोडीदार आणला खरा, पण पेटीत सोडायच्या वेळी तो थांबला. रंग तोच, पट्टे तेच. पण जातही तीच ना? दुकानदाराने बजावलं होतं, "पाठीवरच्या पंखात अकरा काटे असले तर आपला. दहावाला परका, मासळी त्याला जगू देणार नाही."

पिशवीतला मासा मात्र पंख मिटून बसलेला.

"आरसा दाखवा," सासूबाई म्हणाल्या. "समोर प्रतिस्पर्धी दिसला की फणा काढेल."

आरसा धरताच पंख ताठ झाला. नऊ, दहा... अकरा! देव पावला. त्याने मासा पेटीत सोडला.

मासळी धावून आली आणि नवा थरथरू लागला.

"गेला हो!"

"गेला कसला? नमस्कार करतोय. जावईबापू, मुलगी बघायला आलात तेव्हा तुम्हीही असेच कापत होतात."

मासळीने वळून नव्या माशाला वाट दिली.